पोटापाण्याचे काम आणि मराठी लेखक

मराठी पुस्तकाच्या मलपृष्ठावरील लेखक-परिचयात इतर पुस्तकांची आणि पुरस्कारांची नावे असतात. लेखक पोट कशावर भरत होता, हे मात्र बहुधा अर्ध्या ओळीत उरकलेले असते किंवा मुळीच नसते. मला ही उणीव खटकते. ज्या भाषेत कवितासंग्रहाची हजार प्रतींची आवृत्ती संपायलाही अनेकदा वर्षे लागतात, तिथे केवळ लेखणीवर संसार चालवू शकलेले लेखक थोडेच. बाकीच्यांचा दिवस शाळेत, कचेरीत, शेतात किंवा गिरणीत गेला, आणि त्या दिवसाचा त्यांच्या लेखनाशी असलेला संबंध दर वेळी निराळा होता.

मालतीबाई बेडेकरांचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या टोपणनावाने प्रसिद्ध झाला आणि मोठी खळबळ उडाली. शिकलेल्या, नोकरी करून घरच्यांना हातभार लावणाऱ्या, पण लग्नावाचून राहिलेल्या तरुणींची घुसमट त्यात उघडपणे मांडलेली होती. महर्षी कर्वे यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत शिकलेल्या आणि पुढे अध्यापन केलेल्या मालतीबाईंना हे जग आतून ठाऊक होते. शाळेत शिकवणाऱ्या स्त्रीने असे काही स्वतःच्या नावाने लिहिणे त्या काळात किती अवघड होते, हे लक्षात घेतले म्हणजे टोपणनावामागची निकड कळते. पुढे त्यांनी सरकारी नोकरी पत्करली आणि कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना ज्या वसाहतींत डांबून ठेवले जाई, तेथील कामाची जबाबदारी सांभाळली. तारेच्या कुंपणाआडचे ते जीवन १९५० मध्ये ‘बळी’ या कादंबरीत आले. पांढरपेशा घरातील लेखिकेला त्या कुंपणाच्या आत नेले ते नोकरीने, पण जे पाहिले ते सरकारी अहवालापुरते न ठेवता त्याची कादंबरी करणे हा सर्वस्वी त्यांचा निर्णय होता, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी अतिशय आदर वाटतो.

म्हणून लेखकाचे काम त्याच्या लेखनात उतरतेच, असा नियम करू गेले, तर श्री. ना. पेंडसे तो मोडतात. दापोली तालुक्यातील मुर्डी हे त्यांचे जन्मगाव. लहानपणीच ते मुंबईत आले आणि पुढे ‘बेस्ट’मध्ये त्यांनी दीर्घकाळ नोकरी केली. बस आणि विजेच्या कारभारात दिवस घालवणाऱ्या या माणसाने ‘एल्गार’, ‘हद्दपार’, ‘गारंबीचा बापू’ या कादंबऱ्यांत मात्र मागे राहिलेले कोकण उभे केले. नोकरीचा अनुभव अगदी वाया गेला असेही नाही, कारण ‘बेस्ट’चा इतिहास त्यांनी स्वतंत्र पुस्तकात लिहिला, त्यांची ‘रथचक्र’ ही कादंबरी वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते पुस्तक ठाऊक असावे. ‘तुंबाडचे खोत’ ही त्यांची दोन खंडांची कादंबरी १९८७ मध्ये, म्हणजे त्यांच्या वयाची सत्तरी उलटल्यावर, प्रसिद्ध झाली. हे वर्ष पाहिले की नोकरीच्या वर्षांत मनात साठत गेलेल्या आणि तेव्हा लिहिता न आलेल्या मजकुराचा विचार माझ्या मनात येतो.

ना. धों. महानोरांच्या बाबतीत पोटाचे काम आणि कविता यांत अंतर जवळजवळ नव्हतेच. पळसखेडची शेती हे त्यांचे जगणे होते, १९६७ चा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह त्यातूनच आला, आणि विधान परिषदेत गेल्यावरही ते शेती व पाणी यांविषयी बोलत राहिले. अरुण कोलटकर जे. जे. कला महाविद्यालयात शिकून जाहिरात क्षेत्रात नावाजलेले कलादिग्दर्शक झाले. कमीत कमी शब्दांत वस्तू डोळ्यांसमोर ठेवण्याची त्यांच्या कवितेची रीत या कामात घडली असावी, असे मला वाटते. अर्थात हा केवळ माझा तर्क आहे.

नारायण सुर्वे यांच्याविषयी लिहिताना मात्र जपून लिहावेसे वाटते, कारण त्यांच्या कष्टांचे कौतुक करताना कवितेकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. गिरणी कामगाराने सांभाळलेले अनाथ मूल, गिरणीतील काम, महापालिकेच्या शाळेतील शिपाई आणि पुढे परीक्षा देऊन त्याच महापालिकेचा शिक्षक, हा त्यांचा प्रवास अनेकांना तोंडपाठ आहे. १९६२ च्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ या संग्रहाने मराठी कवितेत गिरणगावातील माणसाला स्वतःच्या आवाजात बोलते केले, सहानुभूतीने बाहेरून पाहणाऱ्या कवीला तो आवाज सापडला नसता. तरीही हजारो कामगारांनी तेच कष्ट उपसले आणि कविता एकट्या सुर्व्यांनी लिहिली, हेही विसरता येत नाही. त्यांच्या पत्नी कृष्णाबाई सुर्वे यांचे ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन आहे. कवी सभासंमेलनांत असताना घर कोणी आणि कसे चालवले, हे त्यात त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते. सुर्व्यांच्या कवितेवर बोलणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने ते पुस्तक संग्रहाइतक्याच गांभीर्याने वाचावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.