कसा होता पिक्चर? हे रविवार रात्रीच्या आत सांगा, आणि नीट सांगा

शुक्रवारी संध्याकाळी घरच्या ग्रुपवर प्रश्न पडतो, ‘कसा आहे रे?’ उत्तर येतं, ‘ठीक आहे, वन टाइम वॉच.’ या उत्तरावर कुणाला तिकीट काढता येत नाही आणि रद्दही करता येत नाही. चार माणसांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं की तिकिटं, पॉपकॉर्न, पार्किंग धरून हजार-दीड हजार सहज जातात. एवढ्या पैशांचा निर्णय कुणी आपल्या शब्दावर घेणार असेल, तर तो शब्द उपयोगाचा असायला हवा.

मराठी चित्रपटाच्या बाबतीत तर तो वेळेतही यायला हवा. शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन दिवस उत्सुकतेवर चालतात. खरी परीक्षा सोमवारी. सोमवारचा तिकीटविक्रीचा आकडा शुक्रवारच्या आसपास टिकला, तर दुसऱ्या आठवड्यात खेळ राहतात. निम्म्यावर आला, तर पुढच्या शुक्रवारी येणाऱ्या मोठ्या हिंदी चित्रपटाला स्क्रीन जातात आणि मराठीच्या वाट्याला सकाळचा किंवा भर दुपारचा एखादा खेळ उरतो. एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारने मराठी चित्रपटांना प्राइम टाइम देण्याची घोषणा केली, मग ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी ठरली. म्हणजे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा खेळही प्राइम टाइमच. नोकरी करणारा माणूस त्याला कसा जाणार? म्हणून ज्याला चित्रपट आवडला, त्याने गुरुवारपर्यंत थांबू नये. रविवारी रात्री सांगितलेलं मत सोमवार-मंगळवारच्या तिकीट खिडकीवर दिसतं. पुढच्या शनिवारी सांगितलं, तर ऐकणाऱ्याला जवळच्या थिएटरला खेळच सापडत नाही.

आता काय सांगायचं ते. सगळ्यात आधी, चित्रपटाचा दोष आणि थिएटरचा दोष वेगळे करा. ‘फोटोग्राफी अंधारी आहे’, ‘संवाद कळत नाहीत’ या दोन तक्रारींचं मूळ पुष्कळदा प्रोजेक्शनच्या खोलीत असतं, आणि शिक्षा मात्र कॅमेरामनला आणि ध्वनिमुद्रकाला होते.

उजेडापासून सुरुवात करू. डिजिटल प्रोजेक्शनच्या मानकानुसार पडद्याच्या मध्यभागी 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजण्याचं एकक) उजेड असायला हवा. प्रोजेक्टरमधला झेनॉन दिवा जुना होत जातो तसा उजेड उतरत जातो, आणि नवा दिवा महाग म्हणून जुना ताणला जातो. दुसरं कारण थ्रीडी. थ्रीडी खेळानंतर प्रोजेक्टरपुढचं थ्रीडीचं भिंग किंवा फिल्टर काढायचं राहिलं, तर पुढचा साधा टूडी चित्रपटही निम्म्याहून कमी उजेडात दिसतो. काही प्रोजेक्टरांच्या बाबतीत हे ओळखायला सोपं आहे. मान वळवून प्रोजेक्टरच्या मागच्या खिडकीकडे बघा. साध्या खेळाला एकावर एक असे दोन झोत येत असतील, तर थ्रीडीचं भिंग अजून जागेवर आहे. तिसरं कारण पडदा. थ्रीडीसाठी लावलेला चंदेरी पडदा मधोमध झगमगतो आणि कडेला काळवंडतो. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तोच प्रसंग रात्रीचा वाटू शकतो.

हे तपासायला पहिली पाच मिनिटं पुरतात. श्रेयनामावलीतली पांढरी अक्षरं बघा. कडा कापलेल्यासारख्या धारदार दिसायला हव्यात. अक्षराच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी किनार दिसली, तर प्रोजेक्टरचे रंग एकमेकांवर नीट बसलेले नाहीत. चौकटही बघा. बहुतेक चित्रपट 2.39:1 किंवा 1.85:1 (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) या दोन मापांत येतात. चुकीचं माप निवडलं गेलं तर माणसांची डोकी कापली जातात किंवा सबटायटलची खालची ओळ पडद्याबाहेर जाते. कुठलाही दिग्दर्शक मुद्दाम अशी चौकट लावत नाही.

आवाजाचं गणित थोडं वेगळं. ध्वनिमिश्रण होतं तेव्हा स्टुडिओत आवाजाची पातळी यंत्रावरच्या 0 ते 10 या मापात 7 वर ठेवलेली असते. थिएटरमध्ये जाहिराती कर्कश वाटतात, प्रेक्षक तक्रार करतात, म्हणून ती 5 वर किंवा त्याखाली आणली जाते. जाहिराती संपल्यावर ती परत वर नेणारं कुणी नसलं, की चित्रपटभर कुजबूज हरवते. मराठीत याचा फटका जास्त बसतो, कारण आपल्या चांगल्या चित्रपटांत बोलीचं काम मोठं असतं. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या ‘दशावतार’मधली मालवणी घ्या, नाहीतर ‘सैराट’मधली करमाळ्याकडची भाषा. शब्दाचा शेवट, हेल, अर्धवट गिळलेला स्वर यातच गंमत असते, आणि आवाज बारीक झाला की आधी तेच जातं. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याला बारीक भोकं असतात ती त्यासाठीच. माणूस मधोमध उभा आहे आणि आवाज बाजूच्या भिंतीतून येतोय असं वाटलं, तर मधला स्पीकर बंद आहे असं समजा.

यापैकी काहीही दिसलं, तर पहिल्या दहा मिनिटांत उठून डोअरकीपरला किंवा ड्युटी मॅनेजरला गाठा आणि नेमकं सांगा: ‘स्क्रीन 3 ला संवाद ऐकू येत नाहीत, आवाज वाढवा’. ‘क्वालिटी खराब आहे’ म्हटलं तर कुणी काही करणार नाही, कारण काय करायचं हेच त्यांना कळत नाही. मध्यंतरापर्यंत थांबलात, तर अर्धा चित्रपट गेला. आणि तिकीट काढतानाच मधल्या रांगेच्या थोडं मागे, शक्यतो मधोमध बसा. आवाजाची जुळवणी साधारण तिथे बसून केलेली असते. शेवटच्या रांगेत मागच्या भिंतीचा घुमार येतो, कडेला एकाच बाजूचे स्पीकर कानात बसतात.

मध्यंतराबद्दलही एक गोष्ट लक्षात असू द्या. मराठी-हिंदी चित्रपटात मध्यंतर कुठे यायचं हे पटकथेत ठरलेलं असतं, त्यामुळे ‘मध्यंतराचा प्रसंग पडला’ ही तक्रार रास्त आहे. इंग्रजी चित्रपट सलग बघण्यासाठी बनवलेला असतो आणि मध्यंतर आपल्याकडे थिएटरवाले घालतात. वाक्य अर्धवट तुटलं, तर त्याचा राग दिग्दर्शकावर काढू नका.

‘स्लो आहे’ हा शब्द तर मी मतातून काढूनच टाकेन. कुठे स्लो? सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र पडद्यावर येतं, त्यावर लांबी मिनिटांत लिहिलेली असते. ती वाचून ठेवा आणि कंटाळा आला तेव्हा अंदाज घ्या. पहिली वीस मिनिटं पात्रं ओळखण्यात गेली, तर तो गुंतवणुकीचा वेळ असू शकतो. मध्यंतरानंतर अर्धा तास कथा जागची हलली नाही, तर तो पटकथेचा दोष. दोन्हींना एकच शब्द लावला की ऐकणाऱ्याला फरक कळत नाही.

त्याच प्रमाणपत्रावरचा दर्जाही सांगा. 2024 च्या नियमांनुसार यूए चे (पालकांच्या सल्ल्याने बघायच्या दर्जाचे) तीन भाग झालेत: 7+, 13+ आणि 16+. हे पालकांसाठी मार्गदर्शन आहे, त्या वयाखालच्या मुलाला दारावर अडवत नाहीत. अडवतात ते ए ला, म्हणजे फक्त प्रौढांसाठीच्या चित्रपटाला, 18 पूर्ण नसेल तर. म्हणजे यूए 16+ ला दहा वर्षांच्या मुलाला न्यायचं की नाही हे आईबापांनीच ठरवायचं, आणि त्यांना ‘थोडी मारामारी आहे’ एवढ्यावर ठरवता येत नाही. रक्त दिसतं का, शिव्या किती, एखादा प्रसंग लहान मूल घाबरेल असा आहे का, हे सांगा. कथा मात्र ट्रेलरमध्ये दिसली तेवढीच.

कुणासाठी आहे, हे सांगणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 30 जून 2023 ला ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा बायकांचे गटच्या गट ठरवून थिएटरला गेले. अशा चित्रपटाला पाच तारे मिळाले की साडेतीन, यापेक्षा ‘आईला आणि मावशीला घेऊन जा’ हे वाक्य जास्त कामाचं. अमराठी मित्रांना सांगताना इंग्रजी सबटायटल होती का, तेही कळवा. परदेशात मराठी चित्रपटाचे पुष्कळ खेळ महाराष्ट्र मंडळं शनिवार-रविवारपुरते लावतात. तिथल्या माणसांना दुसरी संधी मिळेलच असं नाही.

कमाईच्या आकड्यांना मत समजू नका. पोस्टरवर सहसा ग्रॉस, म्हणजे करासकट एकूण तिकीटविक्री छापतात; कर वजा केला की उरतं ते नेट. 22 सप्टेंबर 2025 पासून 100 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर 5 टक्के आणि त्यावरच्यावर 18 टक्के जीएसटी आहे. 236 रुपयांचं तिकीट धरा. 36 रुपये कर, 200 नेट. मल्टिप्लेक्समध्ये हिंदीसाठी रुळलेल्या प्रथेनुसार पहिल्या आठवड्यात वितरकाला नेटच्या 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि नंतर 30 टक्के मिळतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात 236 मधले 100 वितरकाकडे पोचले. ‘अमुक कोटी कमावले’ यावरून निर्मात्याला किती उरले तेही कळत नाही, मग चित्रपट कसा आहे ते कुठून कळणार?

ग्रुपवर टाकायचं मत साधारण असं असावं: ‘दोन तास दहा मिनिटं. पहिला अर्धा तास हळू, मग पकडतो. मध्यंतरानंतर कोर्टाचा भाग लांबलाय, शेवट चांगला. धाकट्या भावाचं काम करणाऱ्यासाठी तरी बघाच. आईबाबांबरोबर बिनधास्त, दहाच्या खालची मुलं कंटाळतील. शिव्या दोन-तीन ठिकाणी. आम्ही बघितला त्या स्क्रीनला आवाज बारीक होता, दुसरीकडे तिकीट काढा. मंगळवारपर्यंत संध्याकाळचे खेळ आहेत, पुढच्या आठवड्याचं बुधवारी-गुरुवारी ॲपवर बघून घ्या.’