ब्रायटनला जाताय? ससूनांच्या घुमटापर्यंत चालत या

लंडनहून ब्रायटनला जाणारा मराठी माणूस रॉयल पॅव्हेलियन बघतो, पिअरवर फोटो काढतो, फिश अँड चिप्स खातो आणि संध्याकाळच्या गाडीने परततो. त्यात वाईट काही नाही. पण ईस्ट ससेक्समधल्या या गावात ज्यू समाजाच्या दोनशे वर्षांच्या खुणा आहेत, आणि त्यांतली एक वाट थेट पुण्याच्या लाल देवळाकडे, म्हणजे तिथल्या सिनेगॉगकडे (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे) येते. मी गेले ती खास त्यासाठीच.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून गाडीला साधारण तासभर लागतो. हेवर्ड्स हीथच्या थोडं आधी गाडी ३७ कमानींच्या एका पुलावरून जाते. आत बसून तो कळतसुद्धा नाही, पण त्याच्या दोन्ही टोकांना असलेले छोटे देखणे मंडप डेव्हिड मोकाटा या ज्यू वास्तुविशारदाचे आहेत. ब्रायटन स्टेशनची मूळ इमारतही त्याचीच. पुढे चढवलेल्या लोखंड-काचेच्या छतामुळे ती झाकली गेली आहे, तेव्हा रस्त्यावर आल्यावर मागे वळून नीट बघा. डेव्होनशायर प्लेसमधल्या जुन्या सिनेगॉगची पुनर्बांधणीही मोकाटानेच केली. आता तिथे फ्लॅट आहेत. दर्शनी भाग तेवढा बघायचा आणि पुढे निघायचं.

स्टेशनपासून उतरणीने दहा-पंधरा मिनिटं चाललं की मिडल स्ट्रीट. इथलं सिनेगॉग १८७५ चं, थॉमस लेन्सनने बांधलेलं. बाहेरून ते अंगचोर आहे, पिवळ्या विटांचं. सगळी श्रीमंती आत: संगमरवर, पितळ, रंगीत काचा, सोनेरी मुलामा दिलेले खांबांचे माथे. या सजावटीला ससून आणि रॉथशिल्ड घराण्यांचा हात लागला आहे. नियमित प्रार्थना कधीच थांबल्या, त्यामुळे दार एरवी बंदच असतं. आतून बघायचं असेल तर सप्टेंबरमधल्या वारसा दिवसांच्या (जुन्या वास्तू लोकांना बघायला खुल्या होतात, त्या) सुमारास या आणि त्या वर्षीचं वेळापत्रक आधी तपासा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, तो सोडून वार निवडा. पुरुषांनी डोकं झाकायला टोपी किंवा रुमाल जवळ ठेवावा.

तिथून पाच मिनिटांवर टाउन हॉल. हेन्री सॉलोमन हा ज्यू गृहस्थ १८३८ पासून ब्रायटनच्या पोलिसांचा प्रमुख होता. ज्यूंना पार्लमेंटमध्ये बसायला १८५८ उजाडावं लागलं, हे लक्षात घेतलं की या नेमणुकीचं मोल कळतं. १८४४ च्या मार्चमध्ये गालिचा चोरल्याच्या संशयावरून पकडलेल्या एका तरुणाने याच इमारतीत शेकोटीच्या सळईने सॉलोमनच्या डोक्यात घाव घातला आणि त्यात सॉलोमनचा जीव गेला. तळघरात जुन्या पोलीस कोठड्यांचं संग्रहालय आहे. तिथे वाटाड्याबरोबरच फिरवतात, म्हणून वेळ आधी ठरवून जा. सॉलोमनचं थडगं डिचलिंग रोडजवळच्या फ्लॉरेन्स प्लेसच्या ज्यू दफनभूमीत आहे. या दफनभूमीला कुलूप असतं. स्थानिक ज्यू संस्थेशी आधी बोलणं झालं नसेल तर तिकडची चढण चढू नका.

आता मुख्य गोष्ट. समुद्राला उजव्या हाताला ठेवून केम्प टाउनच्या दिशेने चालत राहा (वारा फार असेल तर सरळ बस पकडा, बँकेचं कार्ड टेकवलं की झालं). पॅस्टन प्लेसच्या कोपऱ्यावर अचानक एक हिंदुस्थानी घुमट दिसतो, पॅव्हेलियनचं धाकटं भावंड शोभावं असा. सर अल्बर्ट ससून यांनी १८९२ मध्ये स्वतःसाठी बांधलेली ही कबर. कुलाब्याचा ससून डॉक यांचाच. मूळ नाव अब्दुल्ला, जन्म बगदादचा, उमेद मुंबईची, अखेर ब्रायटनची, १८९६ मध्ये. (आपल्याकडे ससूनांना कोकणातल्या बेने इस्रायलींमध्ये ढकलायची सवय आहे. ते बगदादी, वेगळे.)

मात्र अल्बर्ट इथे नाहीत. त्यांच्या शेजारी मुलगा एडवर्डलाही ठेवलं होतं, पण १९३३ मध्ये नातू फिलिपने वास्तू विकली आणि दोघांचे अवशेष लंडनला विल्सडेनच्या दफनभूमीत गेले. पुढे ही वास्तू फर्निचरचं गोदाम झाली, युद्धात हवाई हल्ल्यांपासूनचा आसरा झाली, मग एका दारू कंपनीने घेऊन ती शेजारच्या पबला जोडली. अल्बर्टच्या वडिलांची, डेव्हिड ससून यांची कबर पुण्यात लाल देवळाच्या आवारात अजून जागची हललेली नाही. मुलाच्या घुमटाखाली मात्र लोक पेले भरून नाचले. मला याचं वाईट वाटलं की गंमत, सांगता येत नाही. गंमतच जास्त असावी. निदान पाडला तरी नाही. बाहेरून कधीही बघता येतो, सकाळी रस्ता मोकळा असताना फोटो चांगले येतात.

वेळ उरला तर पश्चिमेला होव्ह. पाल्मीरा स्क्वेअर आणि अॅडलेड क्रेसेंट हा भाग आयझॅक लायन गोल्डस्मिड यांच्या जमिनीवर उभा राहिला. धर्म न सोडता बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब) झालेले ते पहिले ज्यू, साल १८४१. थोडं पुढे किंग्ज गार्डन्समध्ये अल्बर्टचे सावत्र भाऊ आर्थर राहत. त्यांच्याकडे राजा सातवा एडवर्ड मुक्कामाला यायचा. हाच राजा युवराज असताना अल्बर्टनी मुंबईला त्याचा अश्वारूढ पुतळा दिला होता, म्हणजे आपला काळा घोडा, जो आता भायखळ्याच्या राणीबागेत उभा आहे. घर खासगी आहे, फूटपाथवरूनच बघा.

परतीसाठी ब्रायटनला उलटं यायची गरज नाही. होव्ह स्टेशनवरूनही व्हिक्टोरियाला थेट गाड्या आहेत, फक्त तिकीट काढताना ते होव्हलाही चालतं ना, एवढं विचारून घ्या.