विजयदुर्गाचे ओटे आणि सूर्यावरची कारंजी

विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चौथऱ्यांशी हेलियमच्या शोधाची कथा जोडलेली आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी ते मूलद्रव्य येथूनच पाहिले, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वस्तुतः त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होते आणि ते ग्रहण पाहणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला. विजयदुर्गावर लॉकयर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडला होता. आमच्याकडे हे सांगितले की माणसे नाराज होतात, पण मला खरी हकिगतच अधिक आवडते.

सूर्यबिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णरेषा (ठरावीक रंगांच्या प्रकाशरेषा) इतक्या तेजस्वी असतात की वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, त्या ग्रहणाविनाही दिसतात, हे १८६८ मध्येच जान्सेन यांनी ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी आणि लॉकयर यांनी २० ऑक्टोबरला स्वतंत्रपणे दाखवून दिले. प्रभामंडल, म्हणजे सूर्याचे सर्वांत बाहेरचे विरळ वातावरण, मात्र फार अंधुक. त्यासाठी १८९८ मध्येही सुमारे दोन मिनिटांच्या काळोखाकरिता बोटीने कोकणात येणे भाग होते. आज पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर असलेल्या ‘आदित्य एल-१’ या भारतीय यानावरील एक उपकरण सूर्यबिंब झाकून तो काळोख स्वतःच निर्माण करते.

या ज्वालांची धाकटी भावंडे म्हणजे स्पिक्यूल: हजारो किलोमीटर उंच जाऊन काही मिनिटांत विरणाऱ्या प्लाझ्माच्या (विद्युतभारित तप्त वायूच्या) बारीक धारा. त्यांचे जंगल कसे उगवते, हे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०२२ मध्ये संगणकीय प्रतिकृतीबरोबरच चक्क ध्वनिवर्धकावर पॉलिमरचे द्रावण नाचवून तपासले. साधे पाणी हादऱ्याने थेंबाथेंबांत तुटते. पॉलिमरच्या लांब साखळ्या मात्र धार एकसंध ठेवतात, आणि सूर्यावर हेच काम चुंबकीय क्षेत्र करते. हादरा देतात ते पृष्ठभागाखालून उकळत वर येणारे प्रवाह.

मी जुन्या स्पीकरवर प्लॅस्टिक ताणून उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ ओतून पाहिली. बोटभर उंचीची दोन-तीन शिंगे क्षणभर उठली. उरलेली पेज आईने ताबडतोब परत मागितली.