डाळिंबाची सालं, कॅन्सरच्या पेशी आणि फसवा जांभळा रंग

कॅन्सरच्या पेशी मरतात का हे बघायला एमएस्सीच्या प्रोजेक्टला डाळिंबाची साल घेतली त्यामागे फार थोर विचार वगैरे नव्हता, आम्ही सोलापूरकडचे, ज्यूसवाल्याकडे सालं पोत्यानं फुकट मिळतात आणि त्यात टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं एवढं वाचलं होतं. सालं सावलीत वाळवायची, पावडर करायची, सॉक्सलेटमध्ये (अर्क काढायच्या काचेच्या उपकरणात) मिथेनॉल लावायचं आणि रोटरीवर (बाष्पीभवनाच्या फिरत्या यंत्रावर) ते उडवलं की तळाशी गुळाच्या पाकासारखं तपकिरी चिकट काहीतरी उरतं, तोच आमचा एक्स्ट्रॅक्ट, स्पॅच्युला सोडतच नाही, वजन करताना जीव जातो नुसता.

एक्स्ट्रॅक्ट कुठल्या कॅन्सरच्या पेशींवर टाकायचा ते निवडताना गाईड मॅडम बोलल्या केबी नावाच्या पेशी घेऊ नकोस. बऱ्याच पेपरांत तोंडाचा कॅन्सर म्हणून केबी वापरलीय पण ती मुळात हीला, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची निघाली. मग जिभेच्या कॅन्सरची कॅल-27 घेतली.

खरी मजा एमटीटीला, म्हणजे पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून मोजायच्या टेस्टला. पिवळं एमटीटी जिवंत पेशी जांभळं करतात, ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवून 570 नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, जांभळं जास्त म्हणजे पेशी जिवंत जास्त. आमच्याकडे सगळ्यात जास्त डोसच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन तरंगताना दिसत होत्या, चक्क मेलेल्या, आणि रंग मोजणारा रीडर सांगतोय की कंट्रोलपेक्षा, म्हणजे एक्स्ट्रॅक्ट न टाकलेल्या पेशींपेक्षा, जास्त जिवंत! बरं झालं मॅडमनी आधीच एक ओळ पेशींशिवाय लावायला सांगितली होती, नुसता एक्स्ट्रॅक्ट आणि एमटीटी. तीही जांभळी. टॅनिन स्वतःच एमटीटीला रिड्यूस करतं, म्हणजे जांभळं करतं, पेशी लागतच नाहीत. हे कंट्रोल न लावता छापलेले पेपर बघितले की आता हसू येतं.

मग एसआरबी या दुसऱ्या टेस्टवर गेलो. त्यात डाय पेशींच्या प्रोटीनला चिकटतो, एक्स्ट्रॅक्ट आधी धुऊन काढायचा, टीसीए या ॲसिडनं पेशी फिक्स करायच्या, गुलाबी रंग मोजायचा. इथे डोस वाढेल तशी पेशींची संख्या नीट खाली आली. सोबत सिस्प्लॅटिन हे कॅन्सरचं औषधही लावलं होतं, त्याला जेवढा डोस पुरतो त्याच्या कितीतरी पट आमचा एक्स्ट्रॅक्ट लागतो, आणि त्या डोसला नॉर्मल त्वचेच्या हॅकॅट पेशीपण मरायला लागतात. व्हायव्हात एक्सटर्नलनी नेमकं तेच धरलं, कॅन्सर मारतोय की सगळंच मारतोय ते सांगा. ग्राफ दाखवला, फरक थोडासाच आहे हे कबूल केलं, पुढे गेले.

घरी काकांचा वेगळाच प्रश्न, सालीचा काढा घेतला तर गुटखा चालेल का? राज्यात 2012 पासून बंदी आहे, यांना रोज कुठून मिळतो देव जाणे. म्हटलं काका, प्लेटमध्ये औषध थेट पेशीवर पडतं, तुम्ही प्यायलात तर त्यातलं प्युनिकॅलॅजिन, म्हणजे सालीतलं मुख्य टॅनिन, आतड्यातले जिवाणूच तोडून टाकतात, जिभेपर्यंत काय पोचणार. ते म्हणे मग गुळण्या करतो.