दोन अर्ध्या बाणांचं म्हणणं

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. इक्विलिब्रियमचा, म्हणजे समतोलाचा धडा सुरू झाला की वह्यावह्यांत एकच बाण दिसू लागतो: ↔. मोबाईलवर तो पटकन सापडतो, म्हणून नोट्समध्ये येतो आणि तिथून पेपरात. "मॅडम, दोन्हीकडं टोक असलं की झालं की!" असं मुलं म्हणतात.

नाही होत. तो बाण अभिक्रियेचा नाहीच, रेझोनन्सचा आहे. बेंझीनची दोन चित्रं आपण ↔ ने जोडतो, तेव्हा एकाचं दुसरं होत नसतं. रेणू एकच असतो, फक्त कुठल्याही एका चित्रात तो पुरता मावत नाही.

रिव्हर्सिबल, म्हणजे उलटही फिरणाऱ्या अभिक्रियेच्या खुणा दोन. ⇄ म्हणजे अभिक्रिया दोन्ही दिशांनी होते, एवढंच. ⇌ त्याच्या पुढचं सांगते: दोन्ही दिशांचे वेग आता सारखे झालेत, म्हणजे समतोल आलाय. आयुपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना हा फरक पाळते, पुस्तकं नेहमी पाळत नाहीत. या दोघांची अदलाबदल झाली म्हणून कुणाचे मार्क कापू नयेत असं मला वाटतं. ↔ ला मात्र जरूर कापावेत.

या खुणा आयत्या आल्या नाहीत. 1798 मध्ये नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या बर्थोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं तिथल्या खाऱ्या तळ्यांकाठी सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, साठलेला पाहिला. मीठ आणि चुनखडीपासून सोडा! प्रयोगशाळेत नेमकं उलट घडायचं. मीठ आणि चुनखडी भरपूर असली तर अभिक्रिया उलटीही फिरते, हे त्यानं ओळखलं. पुढे 1884 मध्ये रसायनशास्त्रज्ञ व्हॅन्ट हॉफनं बरोबरच्या चिन्हाऐवजी उलटसुलट दोन बाण वापरले आणि 1902 मध्ये ह्यू मार्शलनं त्यांची अर्धी अर्धी टोकं काढून टाकली.

मुलं सगळ्यात जास्त अडकतात ती 'सारखे' या शब्दावर. वेग सारखे म्हणजे प्रमाण सारखं नव्हे. 0.1 मोलर ॲसेटिक ॲसिडमध्ये शंभर रेणूंमागे जेमतेम एखादा आयनांत फुटलेला असतो, तरी बाण ⇌ हाच. फार तर डावीकडे जाणारा लांब आणि उजवीकडे जाणारा आखूड काढावा.

आणि समतोल आला म्हणजे सगळं थांबलं, असंही नाही. याचा पुरावा मला फार आवडतो. नायट्रोजन, हायड्रोजन आणि अमोनिया समतोलाला आलेलं एक मिश्रण घ्यायचं. तसंच दुसरं, पण हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे हायड्रोजनचाच जड प्रकार, असलेलं. दोन्ही एकत्र करायची. एकूण अमोनिया तेवढाच राहतो, पण काही वेळानं तपासलं तर हायड्रोजन आणि ड्युटेरियम दोन्ही एकाच रेणूत असलेला अमोनिया सापडतो. अमोनिया तुटत आणि पुन्हा जुळत नसता तर ही सरमिसळ झाली कशी? वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर येते.

आता भांड्याचं. गोटी सोड्याची बाटली बंद असते तोवर पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि वरचा वायू यांच्यात ⇌. गोटी दाबली की वायू निसटतो, परत यायला उरत नाही. तेच चुनखडीचं. बंद भांड्यात तापवली तर चुनखडी, कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल साधतो. त्या तापमानाला वायूचा दाब ठरलेला. उघड्या चुनाभट्टीत वायू धुराड्यातून निघून जातो आणि सगळ्या चुनखडीचा चुना होतो, म्हणून तिथं साधा →. पदार्थ तेच, समीकरण तेच, बाण वेगळा.

म्हणून अशा समीकरणाशेजारी मी आधी भांडं काढायला लावते, झाकणाचं की बिनझाकणाचं ते ठरवून. बाण त्यानंतर. वरचा उजवीकडे, टोक वरच्या बाजूला. खालचा डावीकडे, टोक खालच्या बाजूला. आणि तो हातानंच काढायचा.