सॅम्प्लरच्या जोडीला सिंथ निवडताना

माझ्याकडे सॅम्प्लर आधी आला, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज (सॅम्पल) वाजवणारं यंत्र. एलेक्ट्रॉनचा डिजिटाक्ट, २०१७ साली निघालेलं पहिलं मॉडेल. त्यात सॅम्पल वाजवणारे आठ ट्रॅक आहेत आणि बाहेरची वाद्यं चालवण्यासाठी आठ मिडी ट्रॅक वेगळे. मिडीवरून आवाज जात नाही, नोटा आणि सूचना जातात. त्या मिडी ट्रॅकवर एखादा परवडणारा सिंथ (आवाज स्वतः तयार करणारं वाद्य) जोडायचा असं ठरलं, तेव्हा कुठला सिंथ सगळ्यात चांगला यात मी शिरलोच नाही. तो वाद कधी संपत नाही. मी एवढंच विचारलं, की माझ्या सॅम्प्लरला काय जमत नाही? जे त्याला जमतं त्यासाठी पुन्हा पैसे कशाला घालायचे?

हे कळायला सॅम्प्लरवरच अख्खी गाणी बांधून पाहिली. ड्रमचा प्रश्नच नव्हता. बेसही निघाला, आणि छान निघाला. लहरीचं एकच आवर्तन सॅम्पल म्हणून घ्यायचं, ते लूपवर ठेवायचं, वर ट्रॅकचा फिल्टर (आवाजाचा उजळपणा कमी-जास्त करणारा) आणि एन्व्हेलप (नोट लागल्यापासून विझेपर्यंतचा चढ-उतार) लावायचा. भरीव, घट्ट बेस मिळतो. म्हणून कॉर्गचा मोनोलॉग यादीतून गेला. वाद्य सुंदर आहे, पण एका वेळी एकच नोट वाजवतं आणि माझं ते काम आधीच होत होतं.

अडलं ते कॉर्डपाशी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या नोटांपाशी. डिजिटाक्टचा प्रत्येक ऑडिओ ट्रॅक एका वेळी एकच सॅम्पल वाजवतो, त्यामुळे कॉर्ड हवी असेल तर अख्खी कॉर्डच सॅम्पल करावी लागते. ती वर-खाली सरकवली की आतली अंतरं तशीच राहतात. मायनर कुठेही नेली तरी मायनरच. आता ए मायनरवरून एफ मेजरवर जायचं आहे असं धरा. ए आणि सी जागच्या जागी राहतात आणि फक्त ई अर्धा स्वर वर चढून एफ होतो. सगळी गोडी त्या एका सरकण्यात आहे, आणि सॅम्पल केलेल्या कॉर्डला नेमकं तेच करता येत नाही. शिवाय सॅम्पल एक सप्तक वर नेलं की ते दुप्पट वेगानं वाजतं आणि अर्ध्या वेळात संपतं.

दुसरी अडचण आवाजाच्या पोताची. सॅम्प्लरचा फिल्टर आवाज झाकू-उघडू शकतो, पण मूळ ऑसिलेटरमध्ये, म्हणजे लहर तयार करणाऱ्या भागात, जे घडलं ते रेकॉर्ड होताना गोठून गेलेलं असतं. एखादी ओळ वाजता वाजता आतून कर्कश होत जावी, काचेसारखी व्हावी, पुन्हा मऊ व्हावी, यासाठी आवाज त्याच क्षणी तयार करणारं काहीतरी हवं.

म्हणजे मला लागणार होत्या जिवंत कॉर्ड आणि मिडीवरून बदलता येणारा पोत. काय लागणार नाही हेही यातूनच कळलं. डिजिटाक्ट सॅम्पल मोनोमध्ये घेतो, तेव्हा सिंथ स्टिरिओ असण्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नव्हती. डिले आणि रिव्हर्ब सॅम्प्लरमध्ये आहेत आणि बाहेरून आत येणारा आवाजही त्यांच्याकडे पाठवता येतो. त्यामुळे सिंथमध्ये इफेक्ट नसले तरी चालणार होतं. चांगला कीबोर्डही नको होता, कारण नोटा सॅम्प्लरचा सिक्वेन्सर (नोटांचा क्रम साठवून वाजवणारा भाग) पाठवणार.

मग यादी आपोआप छोटी झाली. कॉर्गची व्होल्का कीज स्वस्त, एका वेळी तीन नोटा वाजवणारी, आणि आवाज मला मनापासून आवडतो. पण तिच्यात पॅच, म्हणजे जमवलेल्या आवाजाची सेटिंग्ज, साठवता येत नाहीत. मी पॅटर्न बदलला की सिंथनंही पॅच बदलावा असं मला हवं होतं. व्होल्का एफएम यामाहाच्या डीएक्स ७ या जुन्या सिंथचे पॅच वाचते ही मोठी गोष्ट, पण तिचं पहिलं मॉडेल मिडीवरून येणाऱ्या नोटेचा जोर मानत नाही. सेकंड हँड घेणाऱ्यानं हे बघूनच घ्यावं. रोलँडचा एस-१ एका वेळी चार नोटांचा, त्यांच्याच जुन्या एसएच-१०१ सिंथच्या वळणाचा, आत बॅटरी. त्याची बरीच कामं शिफ्ट बटणाखाली दडलेली आहेत आणि मला हाताशी नॉब हवे होते.

शेवटी दोन उरले. कॉर्गचा २०१६ चा मिनिलॉग आणि आर्टुरियाचा २०१९ चा मायक्रोफ्रीक.

इथे मी खूप रेंगाळलो, कारण दोन्ही चार नोटा वाजवतात पण दोन वेगळ्या तऱ्हांनी. मिनिलॉगमध्ये चारही नोटांना आपापला ॲनालॉग फिल्टर आहे. मायक्रोफ्रीक पॅराफोनिक आहे, म्हणजे चारही नोटा एकाच फिल्टरमधून जातात. जुनी नोट दाबलेली असताना नवी लावली आणि फिल्टर एन्व्हेलपवर चालत असेल, तर जुन्या नोटेचाही फिल्टर नव्यानं उघडतो. निव्वळ कॉर्डसाठी मिनिलॉग सरस आहे, यात मला शंका नाही. पण त्याचे ऑसिलेटर ॲनालॉग वळणाचे, आणि त्या जातीचा आवाज माझ्या सॅम्पलमध्ये भरपूर होता. मायक्रोफ्रीकचे ऑसिलेटर डिजिटल आहेत. वेव्हटेबल, एफएम, तार छेडल्यासारखा कार्प्लस-स्ट्राँग, बोलल्यासारखा स्पीच. यातले काही म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या प्लेट्स या मॉड्यूलमधून आले आहेत, ज्याचा कोड ती कंपनी चालवणाऱ्या एमिली जिलेनं सगळ्यांसाठी खुला ठेवला. एका कामाचा असा दुसऱ्याच्या वाद्यात पुढे चालणारा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. त्यात मायक्रोफ्रीक मिनिलॉगपेक्षा स्वस्त. ठरलं.

निवडताना डेमो ऐकायची एक सवय मात्र लावून घ्या. बहुतेक डेमोंत आवाजावर रिव्हर्ब चढवलेला असतो आणि त्यात कुठलाही सिंथ भव्य वाटतो. मी कोरडे डेमो शोधून ऐकले, तेही ड्रम वाजत असताना. एकटा सिंथ मोठा वाटणं आणि ड्रम-बेसमध्ये त्याला जागा सापडणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

जोडणी सोपी आहे. डिजिटाक्टचा मिडी आउट पाच पिनांचा, मायक्रोफ्रीकचा मिडी इन साडेतीन मिलिमीटरचा, मध्ये अडॅप्टर. हे अडॅप्टर ए आणि बी अशा दोन प्रकारचे असतात आणि दिसायला सारखेच असतात. चुकीचा लावला तर बिघाड होत नाही, फक्त नोटा पोचत नाहीत. सॅम्प्लरमधून क्लॉक (टेम्पोचा ठोका) आणि स्टार्ट-स्टॉप पाठवायचा, दोन्हीकडे चॅनल एकच ठेवायचा. दोन्ही यंत्रं एकाच संगणकाला यूएसबीनं जोडली तर ग्राउंड लूपची, म्हणजे विजेच्या जोडण्यांच्या फेऱ्यातून येणारी, चिरचिर ऐकू येऊ शकते. सिंथला त्याचा स्वतःचा विजेचा अडॅप्टर दिलेला बरा.

खरी मजा त्यानंतर. डिजिटाक्टच्या मिडी ट्रॅकवर प्रत्येक स्टेपला (ओळीतल्या नोटेच्या प्रत्येक जागेला) कंट्रोल चेंजचं, म्हणजे मिडीवरून नॉब फिरवणाऱ्या सूचनेचं, वेगळं मूल्य कोंडून ठेवता येतं. मायक्रोफ्रीकचा टिंबर (ऑसिलेटरचा पोत बदलणारा नॉब) १२ क्रमांकावर आणि फिल्टरचा कटऑफ (तो किती उघडा ते) २३ वर आहे, मूल्यं ० ते १२७. सोळा स्टेपची साधी ओळ घेतली, नोटा अजिबात बदलल्या नाहीत, फक्त प्रत्येक स्टेपचा टिंबर वेगळा ठेवला. त्या एका ओळीत कुणीतरी सवाल-जवाब करतंय असं ऐकू येऊ लागलं. ऑसिलेटरचा प्रकारही ९ क्रमांकावरून बदलतो, म्हणजे एक नोट तारेची आणि पुढची काचेची करता येते. सॅम्प्लर एकटा असताना हे मिळत नव्हतं.

एकाच फिल्टरची मर्यादा जाणवते, पण त्यावर वाट आहे. लांब कॉर्ड असतील तेव्हा मी फिल्टरवरून एन्व्हेलप पूर्ण काढतो आणि कटऑफ मिडीवरून सावकाश हलवतो. मग चारही नोटा एकत्र उजळतात आणि नवी नोट आल्यावर धक्का बसत नाही. मिडी ट्रॅक एका स्टेपवर चार नोटांपर्यंत पाठवतो, सिंथही चारच वाजवतो, त्यामुळे नोट गळायची भीती कमी.

एक भाग मनासारखा झाला की तो सॅम्पल करून घेतो आणि सिंथ पुढच्या भागासाठी मोकळा करतो. डिजिटाक्ट एका सॅम्पलमध्ये सुमारे ३३ सेकंद घेतो. ९० च्या टेम्पोत चार मात्रांचे बारा बार मावतात. या वेळी रिव्हर्ब पूर्ण बंद ठेवायचा, नाहीतर तो सॅम्पलमध्ये कायमचा बसतो आणि वाजवताना त्यावर दुसरा चढतो. शेवटच्या कॉर्डनंतर एक बार रिकामा सोडून मगच रेकॉर्डिंग थांबवायचं, म्हणजे कॉर्डची शेपटी मध्येच तुटत नाही.