तीन मोत्यांसाठी महिनाभर

आईची मोत्यांची माळ तुटली ती तिच्या गळ्यात नाही, माझ्या हातात. डबीतून उचलली, दोरा आतून कुजलेला, आणि मोती टपटप फरशीभर. कपाटाखाली झाडू घातला, टॉर्च मारला, पलंग सरकवला. ५४ सापडले. आई म्हणाली, ५७ होते. उरलेले तीन कुठल्या फटीत गेले ते आजतागायत कळलेलं नाही.

तीन मोती आणायचे आणि माळ ओवून घ्यायची, एका दुपारचं काम, अशा समजुतीत मी होते. एक मोती कागदात गुंडाळून दुकानात गेले, तिथल्या दिव्याखाली शेजारी ठेवून बघितलं, अगदी तसेच तीन निवडले. घरी येऊन खिडकीत धरले आणि चेहराच उतरला. आईचे मोती सायीच्या रंगाचे, त्यावर हलकी गुलाबी झाक. माझे तीन पांढरेफटक आणि हिरवट. ओळीत मांडले तर कवळीतले दात वाटत होते. पिवळ्या दिव्याखाली सगळेच मोती सायीचे दिसतात, हे तेव्हा कळलं. त्यानंतर मी पांढरा कापडाचा तुकडा बरोबर न्यायला लागले आणि दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात येऊनच बघायला लागले. विक्रेते वैतागतात, वैतागू देत.

दुसऱ्या ठिकाणी गाठ पडली ती जन्मभर मोतीच हाताळलेल्या एका काकांशी. त्यांनी आधी विचारलं, "हे आहेत कुठले?" मी ऐटीत सांगितलं, बसऱ्याचे. आमच्या घरात तसंच म्हणायची पद्धत. बसरा मोती म्हणजे पर्शियन आखातातले, शिंपल्यात आपसूक झालेले. काकांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि मोत्याच्या भोकात बघायला सांगितलं. भोकाच्या काठाशी एक बारीक गडद रेघ दिसली. रेघेच्या बाहेर शिंपल्याचा चमकदार थर, जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि आत गुळगुळीत पांढरा मणी. हा मणी माणसाने शिंपल्यात ठेवलेला. म्हणजे कल्चर मोती, आणि आकार-रंगावरून जपानी पद्धतीचा अकोया. (जपानमध्ये कल्चर मोती पिकवणाऱ्या मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये पिकवलेले पहिले मोती अर्धगोल होते, पूर्ण गोल जमायला आणखी काही वर्षं गेली.) आईला हे सांगितलं तेव्हा तिने "काही नाही, बसऱ्याचेच आहेत" म्हणून विषय संपवला.

मी दाताची परीक्षा आधीच केली होती. मोती पुढच्या दातांवर हलकेच घासला की खरा किंचित खरखरीत लागतो, काचेचा बहुधा घसरतो. पण खरखर लागली म्हणून बसरा ठरत नाही. कल्चर मोत्यावरही तोच थर असतो, त्यामुळे तोही खरखरतोच. नैसर्गिक की पिकवलेला याची खात्री करायची तर प्रयोगशाळेत एक्स-रे काढावा लागतो.

मग काकांनी ट्रे काढले. गोड्या पाण्यातले मोती आता इतके गोल येतात की मी त्यातलेच तीन उचलून "हेच!" म्हटलं. त्यांनी पुन्हा भिंग दिलं. भोकात रेघ नाही. यात सहसा मणी घालत नाहीत, शिंपल्याच्या मांसाचा बारीक तुकडाच ठेवतात, म्हणून मोती आतपर्यंत शिंपल्याच्या थरांचाच असतो. एका शिंपल्यातून डझनांनी निघतात. रोज वापरायला उत्तम, पण आईच्या माळेत शोभले नसते. कारण मोत्याचं पाणी, म्हणजे चमक, वेगळी. आईच्या मोत्यात खिडकीची चौकट आणि माझं डोकं स्पष्ट दिसत होतं. याच्यात चौकट धुक्यातून आल्यासारखी. साऊथ सी, म्हणजे दक्षिणेकडच्या समुद्रातले मोठे मोती, तर त्या ट्रेमध्ये १२ मिलिमीटरचे होते, आमचे सातचे. ताहितीचे गडद, मोरपिशी झाकेचे, बघत बसावे असे. त्यांच्याच शेजारी एक स्वस्त काळी माळ होती, तिच्या भोकांच्या तोंडाशी रंग साचलेला. रंगवलेली. बाकी 'ट्रिपल ए' वगैरे दर्जा सांगणाऱ्या अक्षरांकडे मी लक्ष दिलं नाही. त्याला सगळ्यांनी मानलेलं एक माप नाही, प्रत्येक विक्रेत्याचं आपापलं.

शेवटी अकोयाच्या ढिगातून कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावून तीन निघाले. रंग जुळला, झाक जुळली, एकावर सुईच्या टोकाएवढा डाग होता तो भोकाकडे वळणार होता. पूर्ण बेदाग मोती मागू नका असं काका म्हणाले, तसा दिसला तर आधी दात लावून बघा.

सगळा ऐवज घेऊन ओवणाऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी ५४ मोजले, माझे तीन बाजूला ठेवले आणि विचारलं, "हे कशाला आणलेत, ताई?"

जुनी माळ गाठींशिवाय ओवलेली होती, म्हणून तर तुटल्यावर सगळे मोती सांडले. या बाई प्रत्येक दोन मोत्यांच्या मध्ये रेशमाची गाठ मारतात. म्हणजे मोती एकमेकांना घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर फार तर एखादा निसटतो. गाठ एक मिलिमीटरच्या आसपास. ५४ मोत्यांमध्ये ५३ गाठी. गेलेल्या तीन मोत्यांची जागा २१ मिलिमीटर.

माळ आधीपेक्षा दोन बोटं लांब झाली. आईने ती घातली, हनुवटी वर करून आरशात पाहिलं आणि म्हणाली, आता बरोबर बसते.

दोन मोत्यांच्या कुड्या करून घेतल्या. तिसरा डबीत आहे. त्या पांढऱ्याफटक तिघांशेजारी ठेवला की मात्र फार छान दिसतो.